बावखलातला बांध

यादीत सतरा गोष्टी होत्या. युजीनच्या प्रॉव्हिडंट फंडाचे एकतीस लाख चाळीस हजार, त्याच्या ग्रॅच्युइटीचे नऊ लाख साठ हजार, मार्गारेटच्या शाळेतल्या फंडाचे बावीस लाख वीस हजार, तिच्या ग्रॅच्युइटीचे तेरा लाख ऐंशी हजार, त्याचं दोन हजार नऊशेचं पेन्शन, तिचं अडतीस हजारांचं, सोन्यात एक पोत, चार बांगड्या आणि कर्णफुलांचे दोन जोड, पोस्टातली ठेव, विम्याची एक पॉलिसी, दोघांच्या नावावरची अठ्ठावीस गुंठे वाडी, तिच्यातलं घर, घरामागच्या दोन खोल्या, चौदा नारळ आणि राजेळी केळीची बाग, स्कूटर, पाण्याचा पंप, वेताच्या दोन खुर्च्या, आणि वाडीतलं तळं, बावखल. वकील नताशा एकेक नाव वाचत होती आणि पेन्सिलीने बरोबरची खूण करत होती. ती मार्गारेटचीच विद्यार्थिनी, म्हणून तिला ती टीचर म्हणे आणि युजीनला अंकल. दोघांचे फंड आणि ग्रॅच्युइटी एकत्र केली की सत्याहत्तर लाख, निम्मे साडेअडतीस. म्हणजे युजीनने मार्गारेटला अडीच लाख द्यायचे. पेन्शन ज्याचं त्याला. घर त्याला, मागच्या दोन खोल्या तिला, जमीन निम्मी निम्मी, खुर्च्या एकेक. बत्तीस वर्षांचा संसार असा सुटा होत होता, की युजीनला कारखान्यातली आठवण झाली. खाचेत बसवलेला दांडा तेलाच्या एका थेंबावर हलकेच बाहेर येतो, तसं. आवाजसुद्धा होत नाही. त्याला वाटत होतं, कुठेतरी आवाज व्हावा.

"राहिलं बावखल," नताशा म्हणाली.

"ते पाळीने," मार्गारेट म्हणाली. "सोम, मंगळ, बुध माझं. गुरू, शुक्र, शनी युजीनचं. रविवारी कोणीच उतरायचं नाही. युजीनच्या आजोबांनी आणि त्यांच्या भावाने तसंच केलं होतं."

"पण टीचर, तुमच्या वाट्याला झाडं थोडी. नळ आलाय दोन्हीकडे. हा हक्क तुम्ही सोडलात तर अंकल फंडातून आणखी सहा लाख द्यायला तयार आहेत. मी तुमच्या फायद्याचं सांगते हां. तुम्हाला बावखल लागतं तरी कशाला?"

"पोहायला," मार्गारेट म्हणाली.

नताशाने मान हलवली आणि लिहून घेतलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. खिडकीबाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं, पंख्याखाली यादीचा कागद फडफडत होता, आणि युजीन मार्गारेटच्या हातांकडे बघत होता. टेबलावर एकावर एक ठेवलेले, खडूने बोटांची टोकं कायमची कोरडी पडलेले हात. हे हात पाणी कापतात. बत्तीस वर्षं ज्या बाईच्या पर्सचा कप्पा न् कप्पा त्याला पाठ होता, फोनवर ती कोणाशी किती वेळ बोलली हे जो भिंतीपलीकडूनही सांगू शकत होता, त्याला ती पोहते हे माहीत नव्हतं.

परतताना ती पुढच्या रिक्षेत, तो मागच्या. एका रिक्षेतून यायला काही हरकत नव्हती, दोघांनाही त्याच वाडीत उतरायचं होतं, पण तिने हात केला आणि पहिली रिक्षा थांबली तेव्हा तो मुद्दाम बुटाची नाडी बांधत बसला. पुढच्या रिक्षेच्या मागच्या काचेतून तिचा अंबाडा दिसत होता. केस. पोहणाऱ्या बाईचे केस ओले होतात, ते सुकायला वेळ लागतो, ओल्या केसांना बावखलाचा वास येतो: उंडीची कुजलेली पानं, शेवाळ, थोडी माशांची हिवस. तिच्या केसांना तसला वास त्याला कधी आला नव्हता. खोबरेल येई, रविवारी देवळातल्या धुपाचा येई. मग त्याच्या डोक्यात, एखादा नट आट्यांवर नीट बसून फिरू लागावा तशी, गोष्ट फिरू लागली. तो सकाळच्या पाळीला सहा वाजून दहा मिनिटांनी घर सोडायचा. वसई पूर्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षं तो गेज तपासत होता. दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग ज्या मापांनी मोजायचे, ती मापंच बरोबर आहेत की नाहीत हे बघणं त्याचं काम. तिची शाळा साडेसातला. मधला तास तिचा. तो संध्याकाळी यायचा तेव्हा केस सुकलेले असत, पोशाख बदललेला असे, मागच्या दोरीवर टॉवेल वाळत असे. रोज एकच टॉवेल असे, असं त्याला वाटायचं. आता आठवलं, दोन असत. आणि रविवारी ती घुम्यासारखी असायची, मिस्साहून येताना बोलायची नाही, सुट्टीच्या दिवसांत चिडचिड करायची. त्याला वाटायचं, देवळातल्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या गॉडफ्रेमुळे. गॉडफ्रे तिच्या शाळेतला, लहानपणापासूनचा. त्याच्याबद्दल किती विचारलं असेल! त्याने काय म्हटलं, तू काय म्हटलंस, हसलात कशाला. ती कंटाळून उत्तरं द्यायची, मग देईनाशी झाली. आणि तो बिचारा गॉडफ्रे, गुडघे दुखतात म्हणून आता खुर्चीवर बसून वाजवतो. कुत्रं बांधावं फाटकाशी आणि मांजर यावं कौलावरून.

आणि मग चौदा महिन्यांपूर्वी तो निवृत्त झाला. सहा वाजून दहा मिनिटांनी घरातून कोणी जाईनासं झालं.

हा विचार इथवर आला आणि त्याने तो तिथेच ठेवला, जसं एखादं गरम भांडं फडक्याशिवाय उचललं की परत ठेवावं लागतं. रिक्षा नारळीच्या गल्लीत वळली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मुलीला फोन केला. जीना जूचंद्रला, नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहत होती आणि आई-वडिलांच्या वेगळं होण्याबद्दल कोणत्याच बाजूने बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"तुला पोहायला कोणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"आँ? हे काय मध्येच? मम्मीने."

"कुठे?"

"आपल्या बावखलात. आणखी कुठे? नानी काठावर टॉवेल घेऊन उभी असायची." मग तिच्या लक्षात आलं. "डॅडी, तुम्हाला माहीत नव्हतं? खरंच? अहो, सगळ्या वाडीला माहीत आहे."

नानी म्हणजे त्याची आई. ती जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्या थडग्यावर दर महिन्याला तो मेणबत्ती लावत असे, आणि आता त्याला तिचाही हेवा वाटला. काठावर उंडीच्या सावलीत टॉवेल घेऊन उभी असलेली म्हातारी, लाल लुगड्याचा पदर खोचलेला, दुखरी कंबर एका हाताने धरलेली, पाण्यातल्या सुनेकडे बघत. काय बोलत असतील त्या दोघी? नक्की हसत असतील. तो कामाला निघाला की आई फाटकापर्यंत येऊन हात करायची. त्याला वाटायचं, माया. ती बघत असणार, गेला का म्हणून. मुलगी पोहते हे त्याला ठाऊक होतं, तिला शाळेत बक्षीसही मिळालं होतं. पण कोणी शिकवलं हे विचारायचं राहून गेलं होतं. ज्याचं विचारायचं कधी काही राहत नाही अशा माणसाचं नेमकं एवढंच राहिलं होतं.

त्या आठवड्यात तो सकाळी लवकर उठून न्हाणीच्या खिडकीशी उभा राहू लागला. न्हाणीत बादली उपडी घालून तिच्यावर उभं राहिलं की केळीच्या पानांतून बावखल दिसतं. तिसऱ्या सकाळी ती आली. वेगळं व्हायचं ठरल्यापासून ती मागच्या खोल्यांतच राहत होती, आता तिला कोणाला विचारायचं नव्हतं. जुना, रंग उडालेला पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला आवळलेली. तिने पाण्याला क्रूस केला, म्हणजे बोटं पाण्यात बुडवून कपाळाला लावली, देवळात शिरताना लावतात तशी, आणि उतरली. अठ्ठावन्न वर्षांची बाई. जिना चढताना कठड्याला धरते, मांडी घालून बसता येत नाही. पाण्यात तिला वय नव्हतं. ती फार हात मारत नव्हती. एक लांब रेघ जावी तशी जात होती, तोंड पाण्यात, मग बाजूला वळून श्वास, पुन्हा तोंड पाण्यात. नव्वद फूट लांबीचं बावखल तिने पार केलं, पलीकडे उंबराच्या मुळाला हात लावला आणि वळली. मग मध्यावर येऊन उताणी झाली आणि तशीच राहिली. पाणी तिच्या कानांवर होतं. तिला काहीच ऐकू येत नसणार. या वेळी हाक मारली तर पोचणार नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने पूर्वी पाहिलं नव्हतं, लग्नाच्या रात्री नाही, जीना झाली तेव्हा नाही. ते कोणासाठी नव्हतं. दुसऱ्या पुरुषासाठी असतं तर त्याला काहीतरी करता आलं असतं. जाऊन गॉडफ्रेची कॉलर धरता आली असती. पाण्याची काय धरणार? बादली त्याच्या पायाखाली कुरकुरली. तो उतरला आणि नळ सोडून उगाच तोंड धूत राहिला.

फंडाचा विचार त्याला तेव्हापासून सोडेना. पहिल्या पगारापासून दर महिन्याला कापले जायचे ते पैसे. म्हातारपणासाठी, असं कारखान्यातला बाबू म्हणाला होता, आणि तेवीस-चोवीस वर्षांच्या युजीनला ते म्हातारपण एका चित्रासारखं दिसलं होतं: बावखलाच्या काठावर वेताच्या दोन खुर्च्या. खुर्च्या त्याने पहिल्या बोनसमधून पाचूबंदरच्या वाटेवरून उचलूनही आणल्या होत्या, लग्नाच्या आधीच, एक रिकामीच. दर महिन्याला त्या चित्रात पैसे भरत गेलो. तीही भरत असेल, तिच्या शाळेत. तिच्या चित्रात काय होतं? दोन खुर्च्या होत्या की नव्हत्या? चुलतभावाचा बावखलातला हिस्सा विकत घेताना तिने आपल्या फंडातून चार लाख काढून दिले, तेव्हा त्याला वाटलं, केवढा विश्वास. तिने बावखल विकत घेतलं होतं. आता साडेअडतीस लाख तिचे होतील आणि ते कुठे जातील, कोणत्या दुकानात, कोणत्या गावाला, कोणासाठी सुकेळी विकत घेतली जातील, हे त्याला कळणार नाही. त्याचेही अडीच लाख त्यात असतील. ते पैसे तिच्याबरोबर जातील आणि त्याने न बघितलेलं बघतील. त्याला त्या पैशांचा हेवा वाटला, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

"बांध घालतो," त्याने लेस्लीला सांगितलं. लेस्ली म्हणजे तोच चुलतभाऊ, पलीकडच्या वाडीतला, पानवेलीचा आणि गावभरच्या बातम्यांचा मालक. "मधोमध. उंडीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत. तिचं तिला, माझं मला."

लेस्लीने पानाची पिंक टाकली. "आजोबांनी वाटणी केली तेव्हा ताटल्या मोजल्या, चमचे मोजले. एक पितळी घंगाळ होतं, ते कोनाला म्हनून सहा महिने भाऊ भावाशी बोलले नाहीत. बावखलात का नाय घातला बांध?"

"प्रेम होतं म्हणून."

"प्रेम! अरे एक गेला तेव्हा दुसरा त्याच्या मयतालासुद्धा मागच्या रांगेत उभा राहिला. बावखल दिवसांनी वाटतात बाबा, भिंतीनं नाय. ज्याचा दिवस नसेल त्यानं काठावरसुद्धा जायचं नाय, पाठ करून बसायचं. पान्याला भिंत कोन घालतं रे?"

"तुमच्या आमच्या बापजाद्यांना सिमेंट माहीत नव्हतं," युजीन म्हणाला.

"बरोबर आहे साहेब. तुम्ही केसाची जाडी मोजनारी मानसं." लेस्ली हसला. "पोहू दे ना तिला. तुझं पानी काय झिजतं काय?"

पाठ करून बसायचं, हेच त्याला नको होतं. सोम, मंगळ, बुध ती सबंध नव्वद फूट जाणार, त्याच्या बाजूच्या उंबरापर्यंत, त्याच्या मुळाला हात लावणार, आणि तो घरात भिंतीकडे तोंड करून बसणार, कारण आजोबाही तसेच बसले होते. बांध झाला तर निदान अर्धं पाणी तरी तिला मिळणार नाही. पंचेचाळीस फुटांवर तिला वळावं लागेल. का वळावं लागतं हे तिला रोज, दर फेरीला, आठवेल. हे त्याने लेस्लीला सांगितलं नाही. स्वतःलाही इतक्या सरळ शब्दांत सांगितलं नाही.

नताशाच्या ऑफिसात त्याने बांधाची कल्पना मांडली तेव्हा त्याला वाटलं होतं मार्गारेट भांडेल. तो तयारी करून गेला होता. ती म्हणाली, "घाल."

"टीचर, विचार करा," नताशा म्हणाली.

"घालू दे. खर्च त्याचा. बांधाने पाणी वेगळं राहिलं तर अर्धं अर्धं, मी कधी पलीकडे जाणार नाही. नाही राहिलं तर पाळी. बांध फोडायचा आणि पाळी."

"पण वेगळं राहिलं की नाही हे ठरवायचं कसं? उद्या दोघं दोन बोललात तर करार परत माझ्या टेबलावर."

युजीनने पद्धत सांगितली. या बाबतीत त्याला कोणाकडून शिकायचं नव्हतं. दोन्ही बाजूंना पट्ट्या लावायच्या, शून्य एकाच पातळीवर. त्याच्या बाजूचं पाणी पंपाने दोनेक फूट खाली काढायचं. पंप बंद केल्यावर अठ्ठेचाळीस तासांनी दोन्ही पट्ट्या वाचायच्या. नताशाने ते कलम म्हणून उतरवलं. "आणि वाचणार कोण? मी कोणीतरी त्रयस्थ बघू का? सर्व्हेअर आहेत ओळखीचे."

"युजीन वाचेल," मार्गारेट म्हणाली.

नताशाने चष्म्यावरून बघितलं.

"मोजण्यात तो खोटं बोलत नाही," मार्गारेट म्हणाली. तिने ते असं म्हटलं, की जणू त्याचं वय किंवा रक्तगट सांगत होती. मग पर्स उचलून तिने वेळ बघितली.

बांधाला सतरा दिवस आणि दोन लाख दहा हजार लागले. फंडातून आलेल्या पैशांतला हा पहिला मोठा खर्च. मातीच्या गोण्यांच्या दोन रांगा, मधे बुडापर्यंत ठोकलेली काळी चिकणमाती, वरून दगड, दगडांच्या सांध्यांत सिमेंट. युजीन रोज काठावर खुर्ची टाकून बसायचा, त्या दोनांतली आपल्या वाट्याची एक. मजुरांना तो सांध्यात बोट घालून दाखवायचा, इथे फट आहे, इथे परत भरा. त्यातला एक म्हणाला, "काका, हे धरण चाललंय की तळं?" खंड्या पक्षी उंडीवरून उडून नव्या दगडांवर बसून पाहत होता. काम चालू असतानाही मार्गारेट मजूर यायच्या आधी तिच्या बाजूला उतरायची. पंचेचाळीस फूट, वळण, पंचेचाळीस फूट. बांधाचे दगड वर येत गेले तसा तिचा हात त्यांना लागू लागला. उंबराच्या मुळाला लावायची तसाच ती त्यांना हात लावायची आणि वळायची. न्हाणीच्या खिडकीतून युजीनने तिचा चेहरा बारकाईने पाहिला. अडवलं गेल्याचं काहीसुद्धा त्याच्यावर नव्हतं. उलट वळणं दुप्पट झाली होती, आणि वळताना, पाण्याखाली गोळा होऊन पायांनी दगडाला रेटा देताना, ती हसल्यासारखी दिसायची. त्याने दोन लाख दहा हजार खर्चून तिला पाय रेटायला भिंत बांधून दिली होती.

पट्ट्या त्याने स्वतः बनवल्या. ॲल्युमिनियमच्या, इंचांच्या खुणा कोरून, काळा रंग भरून. लोखंडी दांड्यांना नट लावून पान्याने आवळल्या. दोन्ही शून्यं एका पातळीवर आणायला त्याने गवंड्याची पारदर्शक नळी वापरली. नळी पाण्याने भरून बांधावरून टाकली, एक टोक इकडे, एक तिकडे. दोन्ही टोकांतलं पाणी हललं, वरखाली झालं आणि थांबलं. नळीतलं पाणी जिथे थांबतं ती रेघ चुकत नाही. तिकडचं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून मार्गारेटने धरलं. बांधाच्या दोन बाजूंना दोघं वाकून उभी होती आणि मधे ती पाण्याची नळी.

"थांबलं?" त्याने विचारलं.

"थांबलं."

"नीट बघ. बुडबुडा नाही ना?"

"नाही रे. थांबलंय." तिने अंगठ्याने नळीवर खूण धरली होती. किती दिवसांत ती त्याला 'रे' म्हणाली नव्हती. तो खूण करायला बांधावर चढून तिच्या बाजूला वाकला तेव्हा तिच्या केसांना वास आला. उंडीची पानं, शेवाळ. इतकी वर्षं हा वास दहा पावलांवर होता. त्याने पट्टी आवळली आणि परत आपल्या बाजूला आला. दोन्ही पट्ट्यांवर पाणी पाच फूट दोन इंचांवर होतं.

मग पंप लावला. मार्गारेटने त्या दिवसापासून पाण्यात उतरणं थांबवलं. ती उतरली तर माप हलेल, असं ती लेस्लीला म्हणाल्याचं त्याला कळलं. कपडे भरून ती जूचंद्रला जीनाकडे निघाली. फाटकाशी लेस्लीने विचारलं, "टीचर, याला एकट्याला ठेवून चालल्या? रात्रीत पट्टी हलवली तर?" ती म्हणाली, "हलवणार नाही," आणि रिक्षेत बसली. लेस्लीने ते येऊन चवीने सांगितलं.

पंप दिवसभर केळीत, नारळात, मग पाटातून रस्त्याकडच्या गटारात पाणी ओतत राहिला. त्याच्या बाजूचा काठ उघडा पडत गेला, चिखलात खेकड्यांची भोकं दिसू लागली, पाणकोंबडी गोंधळून इकडेतिकडे धावली. संध्याकाळी देवळाची घंटा झाली तेव्हा त्याने पंप बंद केला आणि वाचलं. त्याच्या बाजूला तीन फूट शून्य. तिच्या बाजूला चार फूट अकरा. जवळपास दोन फुटांची उंची बांध पेलत होता. बांधाच्या तिच्या बाजूला पाणी जवळजवळ काठोकाठ, त्याच्या बाजूला ओले दगड. तो किती तरी वेळ त्याकडे बघत उभा होता. मग जीनाला फोन करून म्हणाला, "आईला सांग, बांध धरतो." जीना म्हणाली, "सांगते." तिने सांगितलं असेल. मार्गारेट काय म्हणाली असेल? तीन इंच कमी झालेत हे तिला सांगायला हवं होतं का? तीन इंच गोण्यांनी प्यायले असतील. नवा बांध पाणी पितोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वाचलं नाही. करारात अठ्ठेचाळीस तासांनी म्हटलं होतं, मध्ये वाचण्याची गरज नव्हती. दुपारी मात्र केळीचा घड काढायला गेला आणि दिसलंच. त्याच्या बाजूची खेकड्यांची खालची भोकं बुडाली होती. त्याने बांधाला उंडीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत हात लावून बघितला. कुठे थेंब नव्हता. सांधा न् सांधा कोरडा होता. दगडात काही चूक नव्हती, चिकणमातीत नव्हती, त्याने तपासलेल्या कोणत्याच गोष्टीत नव्हती. तो खाली बसला. बांधाच्या पायथ्याशी, उघड्या काठावर, ओली वाळू होती, पायाने दाबली की भोवती पाणी उमटायचं आणि पाय काढला की मुरायचं. सगळी वसई वाळूवर आहे, आणि वाळू पाणी अडवत नाही. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, जसं माणसाला स्वतःची पाठ आहे हे माहीत असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बावखलाशी आला तेव्हा त्याच्या खिशात पाना होता. तो का घेतला, याचं कारण त्याने स्वतःला असं दिलं होतं, की पट्टी सैल झाली असेल तर आवळावी. वाडीत कोणी नव्हतं. लेस्ली नातवाच्या पहिल्या कम्युनियनच्या तयारीला गेला होता. मागच्या खोल्यांना कुलूप होतं, दोरीवर एक टॉवेल विसरून राहिला होता, वाळून कडक. तिच्या बाजूची पट्टी चार इंच खाली सरकवली की तिकडचं पाणी तेवढं वर दिसेल, आणि त्याला दोन नट पुरे. बांध राहील, ती पंचेचाळीस फुटांवर वळेल, आणि न्हाणीच्या खिडकीतून तो तिला बघू शकेल, रोज, अगदी तिच्या बाजूलाच का होईना. पट्टी तशीच ठेवली तर बांध फुटेल, आणि आठवड्यातले तीन दिवस सबंध पाणी तिचं होईल, आणि त्या तीन दिवसांत त्याला पाठ करून बसावं लागेल. करार त्याला काही विचारणार नव्हता. ती बघणारसुद्धा नव्हती. मोजण्यात तो खोटं बोलत नाही. बत्तीस वर्षांत तिने त्याच्याबद्दल कोणापुढे काढलेलं हे एकच चांगलं वाक्य, आणि ते नवऱ्याबद्दल नव्हतंच, मोजणाऱ्या माणसाबद्दल होतं. त्या माणसावर ती भरवसा टाकून सातव्या मजल्यावर शांत झोपली होती. कुठे भेटला तिला तो? कधी पाहिलं तिने त्याला? युजीनला त्या मोजणाऱ्या माणसाचा असा हेवा वाटला, की गॉडफ्रेचा, आईचा, पाण्याचा, फंडातल्या पैशांचा, कोणाचाच आजवर वाटला नव्हता.

तो तिच्या बाजूला गेला, गुडघ्यांवर बसला. नट आवळलेले होते. पाण्यावर उंडीचं एक पान होतं, ते पट्टीशी चिकटलं होतं. त्याने ते बाजूला केलं आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबला. डोळा पाण्याच्या पातळीवर आणला, जसा नवशिक्यांना शिकवायचा, वरून बघू नका, बरोबरीने बघा. वाचलं. मग बांधावरून आपल्या बाजूला आला, तिथेही तसाच बसला, तसाच थांबला, वाचलं. पुन्हा एकदा दोन्ही वाचलं. घंटा झाली. त्याने पाना खुर्चीवर ठेवला, फोन काढला आणि नताशाला आणि मार्गारेटला एकच संदेश लिहिला.

युजीनची बाजू: चार फूट एक इंच. मार्गारेटची बाजू: चार फूट एक इंच.